कुजबुजे सर

एक्कावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्यांवरचे इलाज विचारत फिरतात. या गृहस्थाने शाळेत नोकरी धरली. त्याआधी सव्वीस वर्षं तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. म्हणजे विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात टॉर्च, आणि नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं, पण पहिल्या रांगेच्या कानापर्यंत पोचू द्यायचं नाही. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टाळ्या अर्थात राजाचा झगा घातलेला नट घ्यायचा. मग कंपनीने नटांच्या कानात बसणारं वाटाण्याएवढं यंत्र आणलं आणि याला नारळ दिला.

तरुणपणीची पदवी ट्रंकेत पडून होती. दोन वर्षं खपून त्याने शिक्षकाचा कोर्स केला, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या वह्या उतरवून काढत पासही झाला. एका शाळेने त्याला सातवीच्या भूगोलाला घेतलं. एक सत्र बघू, जमलं तर ठेवू, असा करार.

पहिल्या दिवशी मागच्या बाकांकडे बघून तो म्हणाला, "बसा." मागची रांग बसली, बाकीचा वर्ग उभाच. नेम धरून बोलायची इतक्या वर्षांची सवय, ती एका दिवसात कशी जाणार?

पण खरी खोड वेगळीच होती. समोरचा माणूस क्षणभर थांबला, की याच्या तोंडून पुढचं वाक्य निसटायचं. विंगेत थांबणं दोनच प्रकारचं असतं. एक अभिनयातला पॉज, आणि दुसरा विसरल्याचा. हा नटाची टाच बघून ओळखायचा. टाच उचलली गेली, की गडी विसरला. नटांपुरतं ते ठीक होतं. घरी मात्र बायकोला इतक्या वर्षांत एक वाक्य पुरं करता आलं नव्हतं. ती दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची, म्हणजे आवाजाला कमी नव्हती, पण काही उपयोग नाही.

"अहो, एकदा तरी मला..."

"...पुरं बोलू द्या," हा पुरवायचा, आणि वर पेपर वाचत बसायचा.

मुलांनी ही खोड दोन दिवसांत हेरली. प्रश्न आला की उभं राहायचं, छताकडे बघायचं, मनात तीन आकडे मोजायचे. उत्तर कानात हजर! वर्गाने त्याचं नाव ठेवलं कुजबुजे सर. त्याला वाटायचं, काय हुशार मुलं आहेत, आणि किती पटकन शिकतायत! मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. ती तर विचारल्यावर इतका वेळ गप्प उभी राहायची की याला राहवायचं नाही. तिला तो सगळ्यात आधी सांगून टाकायचा. पोरीची लाज राखली, असं समाधान घेऊन घरी जायचा.

मग लेखी चाचणी झाली आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला खोलीत बोलावलं.

"सर, तोंडी परीक्षेत चाळीसपैकी चाळीस पास. लेखीत चौतीस नापास. हे काय गौडबंगाल आहे?"

"बाई, लेखीच्या वेळी मी वर्गात नव्हतो ना."

बोलून गेल्यावर त्याला आपण काय कबूल केलं ते कळलं. बाईंना आधीच कळलेलं होतं.

"शुक्रवारी मी तुमच्या वर्गात मागे बसणार आहे," त्या म्हणाल्या. "मला मुलांचा आवाज ऐकायचाय. तुमचा आला, तर पुढच्या सत्राला मला दुसरे सर बघावे लागतील."

तो तोंड पाडून घरी आला. एक्कावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा नारळ म्हणजे पुढे कोण दारात उभं करणार? बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोपं आहे. तोंडात पाणी धरा."

लोक गुळणी धरून बसतात ते म्हणण्यापुरतं. याने खरोखरच धरली. तीन संध्याकाळी सराव झाला. बायको मुद्दाम वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि हा गाल फुगवून, डोळे वटारून बघत बसायचा. पहिल्या दिवशी समोरची भिंत भिजली, दुसऱ्या दिवशी नुसता शर्ट. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, लग्न झाल्यापासून आपल्या एवढ्या गप्पा कधी झाल्या नव्हत्या.

शुक्रवारी मोठ्या बाई येऊन नेमक्या गोगलगायीशेजारी बसल्या. थोडा वेळ त्यांनी शिकवणं ऐकलं, मग प्रश्न टाकला.

"समुद्राचं पाणी खारट. त्याचीच वाफ होते, तिचे ढग होतात. मग पाऊस खारट का नसतो?" आणि शेजारी बघून म्हणाल्या, "तू सांग."

याने टेबलावरची बाटली तोंडाला लावली. मुलगी उभी राहिली. सवयीने तिने छताकडे बघितलं. तीन आकडे झाले, दहा झाले, काही नाही. सगळा वर्ग वळून सरांकडे बघायला लागला, तर सरांचे गाल टम्म फुगलेले. उत्तर त्याच्या दातांमागे येऊन उभं होतं, 'बाष्पीभवनात क्षार मागे राहतात', फक्त चार शब्द! कपाळाला घाम फुटला. नोकरी गेली तरी चालेल, पण या पोरीला असं उभं ठेवणं बघवत नाही, असं त्याला मनापासून वाटलं. तो पाणी गिळणारच होता, तेवढ्यात त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

टाचा जमिनीला घट्ट टेकलेल्या होत्या. ती काही विसरली नव्हती. कोणाची वाटही बघत नव्हती. अभिनय तर नव्हताच. हा तिसराच पॉज होता, आणि सव्वीस वर्षांत तो त्याने पाहिला नव्हता.

"खेळून आल्यावर," मुलगी सावकाश म्हणाली, "माझा शर्ट घामाने ओला असतो. वाळला की त्याच्यावर पांढरे डाग पडतात. ते चाटून बघितलं तर खारट लागतं." कोणीतरी 'ई' केलं. ती थांबली, आणि पुन्हा बोलायला लागली. "म्हणजे पाणी एकटंच उडून जातं. मीठ जात नाही. समुद्राचं पण तसंच होत असेल."

"बरोबर आहे का, सर?" बाईंनी विचारलं.

सरांनी घोट गिळला. त्याचा आवाज अख्ख्या वर्गाने ऐकला आणि हशा पिकला. मग सर "बरोबर!" असं ओरडले, ते इतक्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात डोकावून गेल्या. हे उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते त्याला सांगताच आलं नसतं. त्याला भयंकर आनंद झाला.

"पुढच्या सत्राचं वेळापत्रक ऑफिसातून घेऊन जा," मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या.

घंटा झाल्यावर त्याने मुलीला थांबवलं. "अगं, एवढं छान येतं तुला. मग इतके दिवस कधी बोलली का नाहीस?"

ती विचार करत राहिली. या वेळी तोंडात पाणी नव्हतं, तरी तो गप्प उभा राहिला.

"मी बोलणारच असायचे, सर," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही बोलायचात."