दहा लिटरचं कॅबिनेट

माझी बायको गेली त्याच्या पाचव्या दिवशी तिचं एक पार्सल आलं. दार मी उघडलं. पार्सलवाला म्हणाला, "मॅडमना बोलवा, ओटीपी लागेल." मी म्हटलं, त्या नाहीत. "मग फोन करून विचारून घ्या ना, काका." तिचा फोन आतल्या खोलीत होता. मी जाऊन तो उघडला, त्यावर आलेला आकडा वाचून दाखवला आणि खोकं आत घेतलं.

घरात तेव्हा माणसं होती. माझी मोठी बहीण, बोरिवलीहून आलेला मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याची बायको, आणि शेजारच्या दोघी. सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"काय रे ते?" बहिणीने विचारलं.

"पॉवर सप्लाय. तिच्या कॉम्प्युटरचा."

"ऑफिसच्या?"

"नाही. गेम खेळायच्या."

मग मेहुण्याची बायको म्हणाली, "आमच्या मुलासाठी मागवला असेल ताईंनी. वाढदिवस येतोय ना त्याचा." आणि सगळ्यांनी मान हलवली. सुटल्यासारखी. त्रेपन्न वर्षांच्या, मुलंबाळं नसलेल्या बाईने असली वस्तू स्वतःसाठी मागवली असेल, हा विचार त्या खोलीत कुणाला नीट धरताच येत नव्हता. भाच्याचं नाव निघालं आणि हिशेब जुळला. त्या मान हलवण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ती गेल्याचं दुःख वेगळं आहे, ते माझं मी बघतो. हा राग लिहून ठेवायला हवा असं वाटतं.

ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत काम करायची. गोळ्या मोजायच्या, वितळवायच्या, आकडे लिहायचे, सही करायची. सात-आठ वर्षांपूर्वी तिने जुन्या लॅपटॉपवर गेम खेळायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी जेवण झालं की कानाला हेडफोन लावून बसायची. मी समोर पुस्तक घेऊन. मान वर केली तर पडद्यावर बर्फाचे डोंगर दिसायचे आणि एक घोडेस्वार हळूहळू चढण चढत असायचा. लॅपटॉपचा पंखा घरघरायचा. मी एकदाही विचारलं नाही की हा घोडा कुठे निघालाय. आवाज कमी होईल का, एवढंच विचारायचो.

गेल्या वर्षी तिने ठरवलं की स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, आणि तो ताकदवान हवा. मी म्हटलं, जोड. पण ठेवणार कुठे?

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं ग्रंथालय उभं केलं. भिंती पुस्तकांच्या, पलंगाखाली पुस्तकं, तिच्या टेबलाच्या वरपर्यंत आलेल्या फळ्या, त्यांवरही पुस्तकं. ती टेप घेऊन घरभर फिरली आणि शेवटी टेबलाशेजारच्या फळीवरचा शब्दकोशांचा अर्धा कप्पा तिने मागितला. अर्धाच. मी तो फार कुरकुर करून दिला. पूर्ण कप्पा द्यावा असं मला सुचलं नाही, आणि तिनेही म्हटलं नाही.

मग तिने त्या अर्ध्या कप्प्यात बसेल असा कॉम्प्युटर आखायला घेतला. बाजारात मिळणारी कॅबिनेटं, म्हणजे ज्यात कॉम्प्युटरचे सगळे भाग बसवतात ते खोकं, गुडघ्याएवढी उंच असतात. तिने शोधून काढलं ते दिवाळीच्या फराळाच्या डब्याएवढं. या धंद्यात कॅबिनेटचं माप लिटरमध्ये सांगतात हे मला तेव्हा कळलं. तिचं दहा लिटरचं होतं. "दूध आणायला जाशील का यातून?" मी म्हटलं होतं. ती हसली नाही. तिने वहीत आकृती काढली होती: एका बाजूला मदरबोर्ड, त्याच्या पाठीला पाठ लावून गेमची चित्रं पडद्यावर आणणारं ग्राफिक्स कार्ड, मध्ये पट्टीसारखी चपटी केबल, प्रोसेसरवर त्याला गार ठेवणारा बुटका कूलर, कोपऱ्यात लहान पॉवर सप्लाय. कार्ड आणि कॅबिनेटच्या भिंतीत किती मिलिमीटर राहतात तेही लिहिलं होतं. पोह्यांच्या आणि ओट्सच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापून तिने एकेका भागाचं हुबेहूब मापाचं मॉडेल केलं, ती आत बसवून पाहिली, आणि मगच एकेक खरा भाग मागवला. पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यांशी ती खुडबुड करत बसलेली बघून मी विचारलं होतं, "बाहुलीचं घर करतेस का?"

सगळे भाग आले, पॉवर सप्लाय तेवढा राहिला. तेवढ्यात तिला ताप आला. आठ दिवस.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले की वहिनी सुगरण होत्या. आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्यांना बाई आहेत. आणि भाजी मी करतो. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, त्यांना कशाची म्हणून हौस नव्हती. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. उठून सांगायला हवं होतं, मी बसून राहिलो.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मेहुण्याने मला गॅलरीत नेलं.

"भाऊजी, रागवू नका, पण ते पार्ट असेच पडून वाया जाणार. पोराला देऊन टाका. वापरेल तरी. ताईची आठवण राहील."

मी वाळत घातलेला टॉवेल सारखा केला, ते त्याला होकारासारखं वाटलं असावं.

"तो डबा नको हां. पोरगा मोठा कॅबिनेट घेणारे, काचेचा. आत लाइट-बिट असतात. झकास दिसतं."

म्हणजे आतला माल हवा होता, आणि जे खरं तिचं होतं, ज्यासाठी तिने चार महिने डोकं चालवलं, तेवढं नको होतं. तिच्या पैठण्यांचं मी काय करणार असं कुणी विचारलं नाही. त्या कपाटात राहिल्या तर वाया जात नाहीत. मी म्हटलं, "मी जोडणार आहे. तिने आखलाय तसा."

"तुम्ही?" तो म्हणाला. हसला नाही, पण वेळ लागला त्याला.

मी जोडला. मला स्क्रू पिळण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण वाचता येतं, आणि तिची वही म्हणजे प्रयोगशाळेची वही होती. पायरीमागून पायरी, प्रत्येकीपुढे का ते लिहिलेलं. पाच सकाळी लागल्या. दहा लिटरमध्ये हात शिरत नाही, बोटं शिरतात, तीही दोन. वायर कुठून न्यायची ते आधी ठरवलं नाही तर झाकण बसत नाही. माझं तीनदा बसलं नाही. चौथ्यांदा तिने काढलेल्या वाटेने वायर नेली आणि बसलं. बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. मी किती तरी वेळ नुसता बघत राहिलो.

मग तिचा गेम टाकला, सुरू केला, आणि दहाव्या मिनिटाला सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तीन दिवस हेच.

शेवटी मी तो कापडी पिशवीत घालून घाटकोपरच्या एका दुकानात नेला. कार्ड तिने तिथूनच घेतलं होतं. दुकानदाराने झाकणावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"काका, मी मॅडमना तेव्हाच बोललो होतो. एवढा मोठा माल एवढ्याशा डब्यात? भट्टी होणार नाही तर काय."

"त्यांनी सगळं मोजलं होतं."

"वहीत मोजलं असेल ना. वहीत सगळं थंडच असतं." त्याच्या हाताखालचे दोघे हसले. "मोठा कॅबिनेट घ्या. नाहीतर वाट लागेल कार्डाची."

त्याने झाकण उघडलंसुद्धा नाही. तळहात ठेवला आणि निकाल दिला. मला संताप आला तो यायलाच हवा होता, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की मी त्याचं ऐकलं. रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन येताना मनात म्हणालो, चुकलीच असेल ती. शेवटी शिकलेली कुठे होती यातलं. घरी येऊन मेहुण्याला फोन केला आणि सांगितलं, रविवारी दुपारी ये, घेऊन जा.

रविवारी सकाळी भाग सोडवायला बसलो. निदान तिच्या क्रमाने सोडवावेत म्हणून वही उघडली. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं: खेळ सुरू असताना प्रोसेसर आणि कार्ड यांचं तापमान साधारण सारखं राहायला हवं, दोघांना बाहेरची हवा सारखीच मिळते. पुढे अपेक्षित आकडे.

मी तीन दिवस पडद्यावर ते आकडे पाहिले होते. प्रोसेसरचा शंभराला टेकायचा. कार्डाचा तिच्या अपेक्षेपेक्षाही खाली असायचा. खोकं लहान म्हणून भट्टी होत असेल तर दोन्ही तापायला हवेत, आणि त्यातही जास्त कार्डच. एकटा प्रोसेसर का तापेल? हा प्रश्न दुकानदाराला पडला नाही, मला पडला नाही. तिला पडला असता.

मी प्रोसेसरवरचा कूलर काढला. त्याचा तळ तांब्याचा, आरशासारखा. प्रोसेसरची उष्णता त्या तांब्यात जायची असते आणि तिथून वर. त्या तांब्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच होता. मीच ठेवला होता. जोडताना पाहिला होता, कडेला बारीक अक्षरांत काही छापलं होतं तेही दिसलं होतं, आणि आयुष्यभर छापलेलं वाचणाऱ्या माणसाने ते वाचलं नाही.

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढत नाहीत. म्हणजे मी काढू देत नाही. फ्रिजच्या दारावरचं चार वर्षं होतं. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, बटणं वरून दाबायची. माझ्या आईचं घर असंच होतं. बायको काही सोलायला लागली की मी म्हणायचो, "राहू दे ना, नवं राहतं." तिच्या कूलरचं प्लॅस्टिकही मी याच भावनेने ठेवलं, किंबहुना जास्तच जपून. तिची वस्तू म्हणून.

मी ते सोललं. प्रोसेसर आणि तांब्याच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतात, ती जुनी स्पिरिटने पुसली, मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, कूलर बसवला, झाकण लावलं. गेम सुरू केला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. दोन्ही आकडे तिच्या वहीतल्या आकड्यांजवळ येऊन थांबले आणि तिथेच राहिले.

मेहुणा तीन वाजता आला, हातात दोन रिकामी खोकी आणि थर्माकोल घेऊन.

"मी देणार नाही," मी दारातच सांगितलं.

"भाऊजी, शब्द दिला होता तुम्ही. पोरगा घरी टेबल रिकामं करून बसलाय."

"दिला होता. ती चुकली असं समजून दिला. ती चुकली नव्हती, मी चुकलो होतो." आणि मी त्याला प्लॅस्टिकचं सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"बरं, मग उलट चांगलंच आहे ना. आता चालतोय तर कामाला येईल. तुम्ही काय करणार त्याचं? तुम्हाला खेळता येतं?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "तिच्यासाठी आहे असं त्या दिवशी या घरात एकानेही म्हटलं नाही. तू तिचा भाऊ. तूही मान हलवलीस."

मग त्याने खोकी खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन तिच्या टेबलाशी बसला. "लावा बघू," म्हणाला. मी गेम लावला. घोडेस्वार बर्फात उभा होता. मेहुण्याला कुठली बटणं दाबायची ते माहीत नव्हतं, त्याने नुसतं बाणाचं एक बटण दाबून धरलं आणि घोडा सरळ चालत राहिला. आम्ही दोघं वरच्या कोपऱ्यातले आकडे बघत होतो. अर्धा तास गेला. मध्ये त्याने कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कोमट आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझा मोबाइल पहिल्यापासून ताईच सेट करून द्यायची. मी कधी कुणाला सांगितलं नाही. मोठी बहीण असली तरी, ऑड वाटतं ना."

मी चहा विचारला, तो नको म्हणाला. जाताना थर्माकोल काखेत मारून लिफ्टपाशी थांबला, माझ्याकडे न बघता.

"पोराला सांगतो," तो म्हणाला, "आत्याचा आहे. मिळणार नाही."