सात वाजताची मराठी मिस्सा

"अंकल, इतकं छान मराठी कुठे शिकलात?" पहिल्या भेटीत मी ऑगस्टीन अंकलना विचारलं.

"आयच्या पोटात," ते म्हणाले, आणि चहात पाव बुडवला.

मी नुकतीच मराठीत एम.ए. झाले होते. त्यांचं गावठाण आमच्या बिल्डिंगच्या भिंतीपलीकडे. अंधेरीत जन्मूनही मी तिथे कधी गेले नव्हते. त्या दिवसापासून जात राहिले.

अंकलनी पस्तीस वर्षं विमानतळावर सामान चढवलं. त्याच जमिनीत त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती. दुपारी धावपट्टीवर ऊन हललं की त्यांना पाणी साचल्यासारखं दिसायचं. "बगळेपण दिसायचे गो," ते सांगत. कामावरचे दोस्त त्यांना 'आमचा साहेब' म्हणत, कारण नाव ऑगस्टीन. चर्चमध्ये उलटं. रविवारी सकाळी सातला मराठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होई. तिथे बायबलमधला शास्त्रपाठ अंकल वाचत. नऊच्या इंग्रजी मिस्सेची माणसं तिला 'कामवाल्यांची मिस्सा' म्हणत. अंकलचा मुलगा ॲश्टन नऊला जाई.

गेल्या नोव्हेंबरात फादर म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंचवीस माणसं तरी येऊ देत. नाही आली तर सातची मिस्सा बंद. माणसं अंकलनीच मोजायची.

अंकल घरोघर फिरले. मीही बरोबर. शेजारच्या मॉनिका आंटी भांडत मराठीत, रडत मराठीत. त्या दारातूनच म्हणाल्या, "नाय रे बाबा. सून बोलते, मोलकरणींबरोबर बसता, लोकांना काय सांगू?"

"तिला सांग, येशूचा बाप सुतार होता."

"तूच सांग. इंग्लिशमध्ये सांग पण."

शेवटच्या रविवारी, ख्रिश्चन नसूनही, मीही गेले. रंगीत काचांतून निळा उजेड लोकांच्या पाठींवर सांडला होता. धुपाचा वास होता. अंकल वाचू लागले. त्यांचा आवाज संथ, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखा. मला वाटलं, फरशीखाली अजून खाचरं आहेत. बाकं हलकेच तरंगताहेत. किती वेळ गेला कळलं नाही.

मिस्सा संपली. मी माणसं मोजून ठेवली होती. मला धरून पंचवीस. दारात ॲश्टन उभा होता, डोक्यावर हेल्मेट, वडिलांना न्यायला आलेला.

"किती?" फादरनी विचारलं.

"चोवीस."

मी पुढे झाले. "अंकल, मी?"

"तू पाहुणी गो."

"मग ॲश्टन? तो आहे ना दारात."

"दारात आहे," अंकल म्हणाले.

फादर थांबले. अंकलनी पंचवीस म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, हे मला स्पष्ट दिसलं. अंकलनी पुस्तक मिटलं.

मिस्सा बंद झाली.

पुढच्या रविवारी सातला माझे पाय आपोआप गावठाणात गेले. गल्लीच्या टोकाला जुना दगडी क्रूस आहे. त्याच्या पायरीवर अंकल बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर पुस्तक. समोर ॲश्टन स्कूटर पुसत होता.

"एकदा खोटं बोलला असतात तर?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"लोक मना कायम चुकीच्या रांगेत मोजत आले," ते म्हणाले. "मी पण तुला तसंच मोजू?"

मी पायरीवर बसले. अंकल मोठ्याने वाचू लागले. मॉनिका आंटींची खिडकी किलकिली झाली. क्रूसावरच्या झेंडूच्या माळेवर ऊन आलं. ॲश्टनची स्कूटर केव्हाच पुसून झाली होती. तो पुसतच होता.

वाचन संपलं. त्यानंतर ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं असतं. मला ते पाठ होतं. पण मी पाहुणी.

"देवाला धन्यवाद," स्कूटरच्या बाजूने आवाज आला. ॲश्टनने मान वर केली नाही.

अंकलनी न ऐकल्यासारखं पान उलटलं.