शेपटेबुवांची दोरी

शेपटेबुवा माणसाकडे पाहायच्या आधी त्याच्या घोड्याच्या शेपटीकडे पाहत, आणि माणसाकडे घोडा नसेल तर त्याच्याकडे पाहतच नसत. माझ्याकडे सायकल होती. त्यामुळे पहिले सहा महिने मी त्यांना दिसलोच नाही. त्यांचं खरं आडनाव मला कधीच कळलं नाही. चिंचवड स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी हे नाव ठेवलं आणि बुवांनी ते एखाद्या पदवीसारखं मिरवलं.

सकाळच्या गाडीच्या वेळेला चिखलीहून चालत येऊन ते टांग्यांच्या अड्ड्यावर हजर होत. प्रत्येक घोड्याची शेपटी विंचरायची आणि फणीत आलेले केस पंच्याच्या टोकाला बांधून घरी न्यायचे, असा रिवाज होता. टांगेवाल्यांना शेपटी फुकट विंचरून मिळे, शिव्याही फुकट मिळत. केस हातात घेऊन ते मालकाला विचारत, "ह्याला कडबा घालतोस का रद्दी?" घोडीचा केस दोरीला चालत नसे. घोडी स्वतःची शेपटी स्वतःच भिजवते, त्याने केस कुजतो, असं ते बायकामाणसांसमोरही खुशाल सांगत.

पांढऱ्या केसांनी ते दिलरुब्याचे गज भरून देत, देवळाच्या चवऱ्या बांधत. काळ्या जाड केसांच्या चाळण्या विणून चाकणच्या बाजारात नेत. पण या सगळ्याला ते पोटापाण्याचं काम म्हणत. त्यांचा जीव होता गळाच्या दोरीत. उघड्या मांडीवर केस वळत बसायचे: हाताच्या बाजूला बारा केस, पुढे नऊ, मग सहा आणि गळापाशी तीन. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नसे. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "तुमाला काय कळतंय, राव. तुमी कागदावर रेघा वढणारी मान्सं." मी तेव्हा पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअरचा कारकून होतो. म्हणजे वर्णन चुकीचं नव्हतं.

त्यांची माझी गाठ पडली ती आमच्या साहेबामुळे. हा परदेशी इंजिनिअर रविवारी इंद्रायणीवर गळ टाकायला जाई आणि बरोबर दुभाष्या म्हणून मला नेई. भाजीभाकरी खाणाऱ्या माशाला तो पिसांची खोटी माशी दाखवत असे, आणि मासे त्याच्याकडे आम्ही कामगार पाहायचो तसंच पाहत. एका रविवारी बुवा काठावर उभे राहून हा प्रकार बघत होते. "मासा मुका हाय, खुळा न्हाई," ते म्हणाले. साहेबाची जाड दोरी पाण्यावर आपटते, मासा बिचकतो, असं त्यांनी मला सांगायला लावलं आणि स्वतःची दोरी त्याच्या माशीला बांधून दिली. त्या दिवशी साहेबाने हातभर खडस मासा काढला आणि लहान पोरासारखा नाचला.

मग साहेबाच्या डोक्यात आलं, की पुण्यातल्या आपल्या सगळ्या शिकारी दोस्तांसाठी बुवांकडूनच दोऱ्या करून घ्याव्यात. बुवांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण हे काम त्यांना मनापासून हवं होतं. गावात आता सगळे जाळी टाकत. त्यांची दोरी हातात धरणारा कुणी उरला नव्हता. साहेब काय म्हणाला, हे ते मला अड्ड्यावर रोज विचारू लागले. शेपट्या विंचरताना शिव्याही विसरू लागले.

तेवढ्यात साहेबाला मायदेशाहून नायलॉनच्या दोरीचं रीळ आलं. साहेब माणूस हिशेबी. म्हणाला, दोन्ही दोऱ्यांची ताकद बघू, जी जिंकेल ती घेऊ. बाभळीच्या फांदीला दोरी, दोरीला बादली, बादलीत तांब्यातांब्याने पाणी. रीळ माझ्या ताब्यात होतं. बुवांचं तोंड माझ्याने बघवेना. मी दाढीच्या पात्याने नायलॉनला गाठीजवळ हलकीशी चीर दिली.

चौथ्या तांब्याला नायलॉन तुटलं. साहेबाचं तोंड पडलं, मला गुदगुल्या झाल्या. बुवांनी तुटलेलं टोक उचललं, नखावर फिरवलं, ओठाला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ही तुटली न्हाई. हिला आदीच चीर दिल्याली हाय. सांगा साहेबास्नी, दुसरा तुकडा लावा."

बुवांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, साहेबाला मराठीचं. मी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. हे बुवांनाही ठाऊक होतं, कारण त्यांनी नजर हलवली नाही. "जे बोललो त्येच सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं, चीर कुणी दिली तेवढं सोडून. साहेबाला वाटलं, माल सदोष आला.

दुसऱ्या तुकड्याने भरलेली बादली निमूटपणे तोलली. बुवांची दोरी अर्ध्या बादलीला गेली. साहेबाने त्यांची पाठ थोपटली आणि गळाची काठी आवरली.

परतताना मी सायकल हातात धरून त्यांच्यामागून चालत होतो. न थांबता ते म्हणाले, "दोरी कमी पडली, त्याचं काय न्हाई. ती चांगली हाय, मान्य हाय. पण तुमी माझी कीव केली. एवढा हलका समजलात व्हय मला?" मला रडू आलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

अड्ड्यावर टांगेवाल्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा बुवांनी माझं नाव घेतलं नाही. आपली दोरी हरली, एवढंच सांगितलं आणि घोड्याकडे वळले. पुढे वर्षभराने ते गेले. तोवर मी अड्ड्यावरून रोज जात होतो आणि रोज नमस्कार करत होतो. टांगेवाल्यांच्या वाट्याला शेवटपर्यंत शिव्या आल्या. मला त्यांनी एकही दिली नाही.