कापऱ्या बोटाची लाट

भाचीने माझ्या मुलुंडच्या घरी टेबलावर दोन कॅल्क्युलेटर ठेवले आणि म्हणाली, "आत्या, सांग ना, कुठला घेऊ?" अमेरिकेतल्या कॉलेजसाठी ती एसएटीला बसणार होती, आणि त्या परीक्षेत ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर चालतो. हे दोन्ही मैत्रिणींकडून दिवसभरासाठी मागून आणलेले.

"चालतो?" माझं डोकंच फिरलं. "मग परीक्षा कुणाची, तुझी की या डबड्याची?"

"झालं तुझं सुरू!"

चिडणारच ना मी. ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवलं. साइनचा ग्राफ मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडू न उचलता काढायचे, तेव्हा मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची. मग उजवा हात कापायला लागला. रेघ वेडीवाकडी यायला लागली, पोरं हसू दाबायला लागली, आणि मी व्हीआरएस घेतली. त्यानंतर एकही ग्राफ काढला नव्हता. कुणी विषय काढला तरी अंगावर धावून जायचे.

"आधी वापर, मग शिव्या दे," म्हणत तिने एक माझ्या हातात दिला. रंगीत, चकचकीत, पण बटणं इवलीशी. माझं बोट दर वेळी शेजारच्याच बटणावर. "वाट लागली," म्हणून मी तो बाजूला सारला. दुसरा जाडजूड, मोठ्या बटणांचा. साइन दाबलं, एक्स दाबलं, मग तिने दाखवलं ते बटण.

आणि अगं बाई! डावीकडून एक रेघ निघाली. एकदम सगळी नाही हं, हळूहळू. वर चढली, माथ्यावर वळली, मधली रेषा ओलांडून खाली गेली, परत वर. थेट मी काढायचे तशी! माझं बोट बटणावर कापतच होतं आणि लाट मात्र गुळगुळीत. अंगावर काटा आला. पुसून पुन्हा काढली. मग दुप्पट उंच. मग चिमटीत दाबल्यासारखी दाट. डोळे भरून आले तरी पडद्यावरून नजर हलवता येईना. चहा कधीच निवला होता.

शेवटी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "तू तो रंगीत घे. झटपट आहे, पेपरात वेळ वाचेल."

"परीक्षेला दोन्ही पुरतात. मी हा मोठ्या बटणांचा घेते."

"तुला कशाला गं मोठी बटणं? तुझी बोटं धड आहेत ना!"

"परीक्षा झाली की मी जाणार, आत्या. हा इथेच राहणार आहे."

"फार शहाणी झालीस," मी डाफरले, आणि नाक पुसून पुढचा ग्राफ काढायला घेतला.