फेलिझमीनाच्या धुराड्यावरचा टीव्ही

फेलिझमीनाशी मी एकोणीस वर्षं बोलले नव्हते. कारण एक चेस्टनटचं झाड. झाड तिचं, फांदी माझ्या परसात, आणि त्या फांदीवरून पडलेली फळं कुणाची यावरून आम्ही दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून चर्चमध्ये ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. तरी सांगते, त्या बाईला माझ्याएवढं कुणी ओळखत नाही. तिच्या पोटच्या पोरांनीसुद्धा नाही.

रोज सकाळी सात वाजता मी खिडकी उघडते ती तिचं धुराडं बघायला. आमच्या डोंगरात गावात घरं किती असं कुणी विचारत नाही, चुली किती पेटतात ते विचारतात. मी लग्न होऊन आले तेव्हा चौऱ्याहत्तर पेटत होत्या. आता नऊ. नऊ घरांत नऊ म्हातारी माणसं. धूर दिसला की माणूस आहे. नाही दिसला की शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं, मग भांडण असो नाहीतर नसो.

फेलिझमीना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. उंची एवढीशी, पण आवाज असा की खालच्या ओढ्यावरचं गाढव थांबतं. नवरा गेला तेव्हा तीन मुलगे पदरात होते. वर्षभराने एक जण स्थळ म्हणून दारात आला, तर त्याला म्हणाली, "मला चुलीत एक लाकूड जड जातं, आणखी एक घरात आणून काय करू?" तो बिचारा टोपी हातात धरून गेला. तेव्हापासून तिची चूल एक दिवस विझलेली मी पाहिली नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकायचे. चुलीच्या वर, धुराड्याच्या भिंतीला लागून आडव्या काठ्या आहेत. डिसेंबरात डुक्कर कापलं की त्या काठ्यांवर सॉसेजच्या माळा चढतात आणि ओकच्या मंद धुरात तीन-तीन आठवडे लोंबतात. भांडणाच्या आधी मी खाल्ली होती. खोटं कशाला बोलू, तशी मला नाही जमत.

तर गेल्या ख्रिसमसला तिचा धाकटा, आर्मिंदो, फ्रान्सहून आला. तो तिकडे लियोंला गिलावा करतो. आला तो गाडीच्या टपावर टीव्ही बांधून, दाराएवढा! पुढचं सगळं मी ऐकलं. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, आणि देवाने कान दिलेत ते झाकून ठेवायला नाही.

"आई, चुलीवर धुराड्याच्या भिंतीलाच लावूया. तिकडे सगळे तिथेच लावतात."

"तिकडे सगळे खुळे असतील. खाली आग, वर काच! कुणाचं डोकं हे?"

"आग हवीच कशाला? हीटर आणलाय मी. बटण दाबलं की झालं. नोव्हेंबरात लाकडं आणताना पडलीस, विसरलीस?"

"पडले तशी उठले ना? पडून राहिले असते तर बोल."

"आणि दर रविवारी क्लारिस दिसेल तुला, एवढी मोठी. बोलेल तुझ्याशी."

क्लारिस म्हणजे आर्मिंदोची मुलगी. नातीला तिने जन्मात तीनदा पाहिलं होतं. मला भिंतीपलीकडे कळलं की पोराने बरोबर नस पकडली.

तिचा आवाज खाली आला. "सॉसेजचं काय करू? दहाच दिवस झालेत. कच्ची आहेत रे."

"गोठ्यात टांगू."

मग ड्रिल सुरू झालं. माझ्या कपाटातल्या बशा थडथडल्या. मला असा राग आला म्हणता! वाटलं, जाऊन सांगावं, बये, तुला काही अक्कल? पण आम्ही बोलत नव्हतो ना. गिळला राग.

दुसऱ्या दिवशी सातला खिडकी उघडली. धूर नाही. साडेसातला पाहिलं, नाही. बाहेर गवतावर पांढरं हिव पडलेलं आणि तिचं धुराडं कोरडं ठाक. टीव्ही आठवला का मला? नाही! मुलगा घरात आहे, हे आठवलं का? तेही नाही. धूर नाही म्हणजे माणूस नाही, जन्मभर हेच शिकलेय मी. सपातांवरच पळत सुटले. समोर खाली चर्चच्या दारात घंटा वाजवणारा अदेरितो किल्ली लावत होता. "फेलिझमीना!" एवढंच ओरडले मी. त्याने मान वर करून तिचं धुराडं पाहिलं, टोपी काढली आणि सरळ आत जाऊन दोर ओढला.

आमच्याकडे पुरुष गेला की घंटेचे तीन ठोके पडतात, बाई गेली की दोन, आणि थांबून थांबून पुन्हा तेच.

मी दार ढकलून आत गेले. फेलिझमीना चुलीपुढच्या बाकावर कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून बसली होती. समोर भिंतीवर टीव्हीत कुणी बाई केक करत होती. फेलिझमीनाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि एकोणीस वर्षांनी तोंड उघडलं.

"कोण गेलं गं?"

"तू," मी म्हटलं.

तिने चुलीकडे पाहिलं. मग माझ्या सपातांकडे.

आर्मिंदो आतून डोळे चोळत आला. "आई, घंटा कसली?"

"माझी. दोन ठोके. मोजलेस?"

"अगं पण मी आहे ना घरात!"

"पाच तारखेला जाशील. मग मी इथे बसून नातीचं तोंड बघायचं. आणि माझं कोण बघेल? तू? रविवारी? आणि सोमवारी मेले तर?" तिने माझ्याकडे बोट केलं. "ही बघ. ही माझं तोंड बघत नाही, पण माझा धूर रोज बघते."

मी मेलीने म्हटलं, "चेस्टनट माझेच आहेत, ते वेगळं."

"गप गं," ती म्हणाली आणि गुडघे टेकून चुलीपुढे बसली. राख बाजूला केली. खाली निखारे! पोराला न सांगता रात्री झाकून ठेवले होते बयेने. सुंभ जळेल, पीळ नाही जायचा. काटक्या ठेवून तिने फुंकर मारली.

"आई! वर टीव्ही आहे!"

"मग काढ. मी थांबणार नाही."

जाळ उठला. आर्मिंदो स्टुलावर चढून खोकत खोकत स्क्रू काढायला लागला, आणि मी टीव्हीचं एक टोक धरलं, म्हटलं पोराच्या पायावर नको पडायला. बाहेर घंटा दोन ठोक्यांच्या मधेच थांबली. अदेरितोला धूर दिसला असावा.

टीव्ही आता तिच्या निजायच्या खोलीत पिठाच्या पेटीवर आहे. रविवारी क्लारिस दिसते. नात काय म्हणाली ते फेलिझमीना मला कुंपणावरून सांगते, मी विचारलं नसताना. टीव्हीसाठी धुराड्यावर ठोकलेली लोखंडी पट्टी तिने काढू दिली नाही. "भक्कम आहे," म्हणाली, आणि सॉसेजच्या दोन माळा जास्तीच्या टांगल्या.

फेब्रुवारीत मला ताप आला. डोकं उचलवेना, म्हणून पडून राहिले. सव्वासात झाले असतील, दारावर काठीचे दणके सुरू झाले. एवढी वर्षं मला वाटायचं, नजर ठेवणारी मी एकटीच.

"ग्रासिंदे!" तोच गाढव थांबवणारा आवाज. "धूर कुठाय तुझा? जिवंत असशील तर चूल पेटव. मेली असशील तर तसं सांग, अदेरितो खाली दोर धरून उभा आहे!"