बाबांची सुई

माझे सासरे शिंपी. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, तरी दारात माणूस आला की आधी त्याचे खांदे बघतात, मग तोंड. मागच्या अंगणात त्यांनी शोभेचे पाम लावलेत. पाणी तेच घालणार, पिवळं पान तेच काढणार, आम्ही फक्त कौतुक करायचं. लग्न होऊन या घरात आल्यावर मी एकदा हौसेनं पाइप हातात घेतला, तर तो त्यांनी इतक्या हळूच काढून घेतला की माझा राग महिनाभर टिकला.

त्यातला बाटली पाम म्हणजे बाबांचा जीव की प्राण. बुंधा बाटलीसारखा फुगीर, वर मोजून चार पानं. बी रुजवली त्याला अकरा वर्षं झाली. नवं पान आधी गुंडाळलेल्या काडीसारखं सरळ वर येतं, बाबा त्याला सुई म्हणतात. या झाडाला शेंडा एकच, आतला कोंब मेला की झाड संपलं. म्हणून ते कापडावर खुणा करायच्या खडूनं सुई आणि शेजारचा देठ, दोन्हींवरून एक आडवी रेघ ओढतात. सुई वाढली की रेघेचा तिच्यावरचा तुकडा वर सरकतो आणि रेघ तुटते. त्या दिवशी चहा दोनदा.

मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते घरी यायच्या आदल्या दिवशी मी अंगण आवरायला घेतलं. चांगुलपणा नडला, दुसरं काय. बाटली पामच्या मधोमध टोकाला तपकिरी पडलेली एक काडी दिसली. वाळकी समजून कापली, तीही त्यांच्या कापडाच्या कात्रीनं, जिला आमच्या घरात कागदसुद्धा दाखवायची मनाई आहे. आत कोवळा पोपटी रंग दिसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बाबा आले. एका डोळ्याला पट्टी, दुसरा आधीच अधू. भिंत धरून अंगणात एक फेरी मारली आणि आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मला विचारायचे, रेघ सरकली का. झाडाजवळ जायची माझी हिंमत नव्हती. मी मागच्या दारातूनच सांगायचे, सरकतेय. नवऱ्याला विश्वासात घेतलं, तर त्यानं तुझं तू निस्तर म्हणून पेपरात तोंड खुपसलं.

पण 'सरकतेय' म्हटलं की बाबांचा चेहरा खुलायचा, आणि तेच मला बघवेना. दहाव्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, सुई मी कापली. तुमच्या कात्रीनं."

"माहितीये. आलो त्याच दिवशी हात लावला होता. कात्रीचा काप मला कळणार नाही होय?"

मला रडू फुटलं. मग रोज विचारून माझा जीव का खाल्लात, असं म्हणत मीच उलट त्यांच्यावर चिडले.

"छळायला नाही गं. उरलेल्या थोटकावर मी चाचपून रेघ मारून ठेवली होती. मला दिसत नाही, आणि तुझ्याइतकी काळजी कुणाला असणार? तू सरकतेय म्हणालीस, म्हणून मी निवांत होतो."

मी खाली मान घालून सांगितलं, की मी एकदाही जवळ जाऊन बघितलं नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला. कात्रीचं ऐकून उतरला नव्हता तो आता उतरला. ते उठले, माझा खांदा धरला आणि आम्ही अंगणात गेलो. देठावर पांढरी रेघ होती. थोटकावर, तिच्या शेजारी, काहीच नव्हतं. मग नजर वर गेली. रेघेचा दुसरा तुकडा दोन बोटं वर, कापाच्या जवळ होता.

"दोन बोटं," मी म्हणाले. "खरंच दोन बोटं, बाबा. हात लावून बघा."

त्यांनी कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. काप मात्र सरळ आलाय, म्हणाले. मग खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला आणि नवी रेघ मला मारायला सांगितली.

माझी रेघ वाकडी आली. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी ते सांगितलं.