साडूंची जीभ

पुणे जिल्ह्यात जिथे म्हणून चूल पेटते, तिथे माझ्या साडूंनी मला एकदा तरी मान खाली घालायला लावली आहे. जिल्ह्याबाहेरही लावली आहे, पण तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही, म्हणून ते मी धरत नाही. साडू हे नातंच मोठं विचित्र. बायको माणूस निदान बघून करतो. साडू त्या बघण्याच्या कार्यक्रमात कुठेच नसतो, तो लग्न ठरल्यावर घरात सापडतो. मला माझे साडू माझ्याच लग्नाच्या पंगतीत सापडले. मी मुंडावळ्या सावरत घास घेत होतो, उखाण्यांचा आग्रह चालला होता, आणि थोरल्या मेव्हणीचे यजमान माझ्या वडिलांच्या कानाशी वाकून सांगत होते की मठ्ठ्यात आलं जास्त झालंय आणि जिलबीचा पाक पुढे गेलाय. कार्य मुलीकडचं होतं. म्हणजे स्वतःच्याच सासऱ्यांनी घातलेल्या जेवणातली खोड हे गृहस्थ व्याह्यांना काढून दाखवत होते. वडिलांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची लाज वाटली, आणि मग ती सवयच झाली.

त्यांचाही तसा इलाज नव्हता. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टर होते. हे काम काय असतं ते आमच्या घरात कोणालाच कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की दुसऱ्यांनी महिनोन्महिने खपून काही तयार केलं की आपण त्यातल्या चुका काढायच्या, त्यांची किरकोळ, मध्यम आणि गंभीर अशी प्रतवारी लावायची आणि ज्याने त्या केल्या त्यालाच कळवायच्या. सासूबाईंनी पगाराचा आकडा ऐकून दोनदा विचारलं, "नुसत्या चुका काढायचे एवढे देतात?" त्यांचं बरोबर होतं. आमच्या पुण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फुकट चालत आलेलं. देश खुला झाला, भाताची खाचरं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्याच कामाला पगार, बोनस आणि घरापर्यंत सोडणारी कंपनीची बस मिळू लागली. मी विमा कचेरीतला कारकून. माझ्या चुका साहेब काढायचे आणि पगार माझाच कापायचे, त्यामुळे मला साडूंचा थोडा हेवाही वाटायचा.

पण नोकरी ही त्यांची केवळ पोटापाण्याची सोय होती. खरा जीव शनिवार-रविवारी मोटरसायकलवरून लांब जाऊन जेवण्यात. लोक देवाला जातात, गडाला जातात, धबधब्याला जातात. साडू कुठे धपाटी चांगली मिळतात, कुठे पावट्याची आमटी, अशा दिशा धरून निघायचे. शिवनेरीच्या पायथ्याशी आम्ही किती वेळा गेलो असू, पण गड मी अजून पाहिलेला नाही. एकदा खाली भेटलेल्या शाळेच्या सहलीतल्या मास्तरांनी विचारलं, "चढून आलात का?" साडू म्हणाले, "नाही, जेवून आलो," आणि त्या मास्तरांना भाकरी कुठे कच्ची होती तेही सांगितलं. मेव्हणीने त्यांच्याबरोबर बाहेर जेवणं लग्नानंतर वर्षाच्या आतच सोडलं होतं. माझ्या बायकोला तिने गळ घातली, "तुझ्या ह्यांना पाठव ना बरोबर. मार खायची वेळ आली तर कोणीतरी घरचं असावं." अशा रीतीने मी मागच्या सीटवर आलो.

मार कधी बसला नाही, हे लोकांचं भलेपण. साडू जेवण संपल्यावर गप्प उठून हात धुतील तर शपथ. ते स्वयंपाक करणाऱ्याला बाहेर बोलावत, त्याला बसायला सांगत आणि अत्यंत सौम्य आवाजात अहवाल देत. "भरलं वांगं उत्तम. दोन किरकोळ गोष्टी आहेत आणि एक गंभीर." समोरचा माणूस घाम पुसत ऐकत राही. मी तेवढा वेळ भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर वाचत असे. आजही मला पुणे-नाशिक रस्त्यावरच्या बहुतेक खानावळींत कुठे कोणत्या देवाचं कॅलेंडर होतं ते सांगता येईल. मी एकदा रागावून म्हणालो, "अहो, त्यांनी विचारलंय का तुम्हाला?" तर म्हणाले, "दोष काढायचा मला पगार मिळतो साडूभाऊ. इथे मी फुकट काढतोय." त्यात त्यांना कुठेही घमेंड नव्हती. आपण त्या माणसावर उपकार करतो आहोत, अशी त्यांची मनापासून समजूत होती. घरीही तेच. दिवाळीत सासूबाईंनी चिरोटे पुढे ठेवले, तर एक खाऊन, दुसरा घेऊन म्हणाले, "आई, छान झालेत. पण हे चिरोटे नाहीत." पुढच्या दिवाळीला चिरोटे दुकानातून आले आणि सासूबाई जावयाशी फक्त हवापाण्याचं बोलल्या. कंपनीने त्यांना काही महिने अमेरिकेला पाठवलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो देश त्यांना फार आवडला, कारण तिथे म्हणे वाढणारा स्वतःहून येऊन विचारतो, जेवण कसं आहे. हे उत्तर द्यायचे. आठवड्याच्या आत त्या हॉटेलात यांना विचारणं बंद झालं.

त्यांना उत्तर देणारं माणूस उभ्या आयुष्यात एकच भेटलं. नारायणगावच्या पुढे, जुन्नरच्या वाटेला आतल्या एका गावात एक नवरा-बायको घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून जेवण देत. मामा वाढायला बाहेर आणि मामी आत, मध्ये फुलाफुलांचा पडदा. मासवडी आणि रस्सा ही तिथली खासियत. मासवडी म्हणजे नावाला मास, आत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरलेली बेसनाची वडी. पहिल्या खेपेला साडूंनी ताट निपटून पुसलं आणि पडद्याकडे तोंड करून आवाज दिला, "मामी, मासवडी एक नंबर. रश्श्यात मात्र लसूण करपलाय." मी कॅलेंडर शोधू लागलो. पडद्याआडून उत्तर आलं, "करपला नाय, करपिवलाय. पुण्यात पांढराच खाता का?" मामा तोंडाला गमछा लावून हसले. परतताना मंचरला गाडी थांबवून साडूंनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा येऊ."

मग ते ठरूनच गेलं. महिन्यातून एकदा तरी तिकडे जायचं, दोनदा रस्सा मागून घ्यायचा आणि शेवटी पडद्याकडे बघून लसूण करपल्याची तक्रार करायची. आतून दर वेळी नवं उत्तर. कधी मामी म्हणायच्या, आज तुमच्यासाठी मुद्दाम जास्त करपिवलाय. कधी म्हणायच्या, दात पडायच्या आत शिकून घ्या खायला. दोघांनी एकमेकांना कधी नीट पाहिलं नसेल, पण साडू त्या पडद्याशी जितकं हसून बोलायचे तितकं मी त्यांना घरच्या कोणाशी बोलताना पाहिलं नाही. मला आपलं वाटे, पुरे झालं आता, दुसऱ्याच्या घरात जेवून वर नावं काय ठेवायची.

पुढे त्यांच्या कंपनीत मोठं काम आलं. रविवारीसुद्धा बस न्यायला येऊ लागली आणि आमचं पावसाळाभर कुठेच जाणं झालं नाही. दसरा झाल्यावर सुटी मिळाली तशी साडूंनी थेट जुन्नरची वाट धरली. वाटेत चहाला थांबले नाहीत, भूक मोडेल म्हणून. खोली तीच, पडदा तोच. मामांनी मुकाट्याने ताटं वाढली. साडूंनी रश्श्यात भाकरी बुडवून घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग गालातल्या गालात हसत पडद्याकडे वळून नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "काय मामी, हरलात ना शेवटी? आज लसूण करपलेला नाही. पण रश्श्यात जीवच राहिला नाही हो."

आतून काही आलं नाही. साडूंनी परत हाक मारली. मामा रश्श्याचं भगुणं हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "ती नाय आता. श्रावणात गेली. दोन दिवस ताप आला नि गेली."

मला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. ताट भरलेलं, टाकून उठावं तर अन्नाचा आणि त्या घराचा अपमान, आणि खावं तर कोणत्या तोंडाने. मामांच्या बोलण्यात राग असता तर सोपं गेलं असतं. ते उलट आम्हालाच धीर दिल्यासारखं सांगू लागले की आता रस्सा तेच करतात. मामींनी कधी हाताखाली घेतलं नाही, कशात काय घालायचं ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. "तुम्ही तेवढं दर खेपेला सांगायचा, ते ध्यानात व्हतं," ते म्हणाले. "म्हणून लसूण जपून केला. करपू दिला नाय. आता बरोबर हाये का?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या साडूंना रांधणारा माणूस आपण होऊन दोष विचारत होता आणि त्यांना तो ठाऊक होता. त्यांनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगदी बरोबर झालाय," ते म्हणाले. मग ते सगळं ताट त्यांनी खाली मान घालून संपवलं, आणि मामांनी वाढलेला आणखी एक वाटी रस्साही. येताना मंचर गेलं, चाकण गेलं, मागे बसून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. कोथरूडला मला सोडताना त्यांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. म्हणाले, "त्या माणसाला आता वाटणार, बायको रस्सा चुकीचा करत होती आणि आपण बरोबर करतो. आणि ते मी त्याला शिकवलंय." मी म्हणालो, जाऊ द्या, आपण काय मुद्दाम केलं? ते म्हणाले, "मुद्दामच करत होतो की हो. मला तिचं उत्तर ऐकायचं असायचं."

पुढच्याच रविवारी ते पुन्हा निघाले. मी नको म्हणत होतो, कारण एकदा झाली तेवढी शोभा मला पुरेशी होती, पण त्यांना एकटं सोडवेना. त्या दिवशी ते टेबलाशी बसलेसुद्धा नाहीत. हेल्मेट हातात धरून मामांसमोर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, मागच्या वेळी मी खोटं बोललो. लसूण करपवायलाच पाहिजे. मामींचा रस्सा त्यानेच चांगला लागायचा. तसा रस्सा मी कुठे खाल्लेला नाही. मी उगाच चेष्टा करायचो."

मामांनी गमछ्याला हात पुसले. मग म्हणाले, "हे तिला सांगायचं व्हतं ना, सायेब. तुम्ही गेल्यावर दर खेपेला मला इचारायची, अवो, खरंच करपलाय का? मी म्हणायचो, जाऊ दे गं, पुण्याची माणसं ती."

एवढं बोलून ते पडद्याआड गेले. थोड्या वेळाने आतून लसूण काळा होत आल्याचा ठसका आला आणि आम्ही दोघं खोकलो. मामांनी ताटं आणली. रस्सा कसा झाला होता ते मी सांगू शकत नाही, माझी जीभ तेवढी तयार नाही. साडूंनी सगळा खाल्ला. मामांनी काही विचारलं नाही आणि साडूंनीही काही सांगितलं नाही. निघताना मामा "या पुन्हा" म्हणाले, तेव्हा साडूंनी हात जोडले ते सुटेनात. मीच त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं. नंतर आम्ही दोन-तीनदा गेलो. मग मामा लेकीकडे नाशिकला राहायला गेले आणि ते दार बंद झालं.

आता साडू खराडीच्या एका कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर आहेत. पोट सुटलंय, मोटरसायकल विकली, आणि आम्ही दोन्ही कुटुंबं एखाद्या वाढदिवसाला चकचकीत हॉटेलात जेवायला जातो. मेव्हणी आता बिनघोर येते आणि माझ्या बायकोला सांगते की, बघ, किती निवळले. जेवण झाल्यावर टाय लावलेला मुलगा येतो आणि सारं ठीक होतं ना, असं विचारतो. साडू त्याला म्हणतात, "आत सांगा, छान झालंय." तो मान डोलावतो. ते पुन्हा म्हणतात, "आत सांगाल ना? ज्यांनी केलंय त्यांना?" तो हो सर म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. तो आत काही सांगणार नाही, हे साडूंना कळतं. ते पाण्याचा पेला फिरवत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. मग मीच हात धुण्याच्या निमित्ताने उठतो, ते दार ढकलतो आणि भांड्यांच्या त्या गोंगाटात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगतो की जेवण छान झालं होतं. आतली घामेजलेली पोरं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहतात. फार लाज वाटते.